एका पातळ थराचा फाल्गुन

आज सकाळी गच्चीवर घातलेला टॉवेल काढायला गेले, तर तो पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. घालून अर्धा तासही झाला नव्हता. दुमडताना त्यातून कुरकुर असा बारीक आवाज आला आणि मला कळलं, फाल्गुन लागला. सोलापुरात त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. ओठ उलतात. कडुनिंबाची पानं पिवळी होऊन रस्त्याच्या कडेने सरपटायला लागतात. रसवंतीचे घुंगरू दुपारी लांबूनही ऐकू येतात, आणि हवेतलं पाणी कुठेतरी निघून जातं. मागे नुसती हवा उरते, हलकी, जराशी धुळीच्या वासाची.

या हवेत मला कोबाल्टच्या एका थराची आठवण येते. नखाएवढ्या काचेवर बसवलेला तो थर इतका पातळ होता की त्याच्या शेजारी केस उभा केला तर भिंतीसारखा वाटेल. दोन वर्षांपूर्वी, एम.एस्सी.च्या शेवटच्या फाल्गुनात, तो चिमट्यात धरून मी खिडकीशी उभी होते. बाहेर विद्यापीठाचं उन्हाने पांढरं पडलेलं माळरान होतं, त्यात मधेच एखादी बाभूळ. मला तेव्हा फार बरं वाटत होतं. आपण काय करतोय हे ठाऊक नसताना माणसाला जसं बरं वाटतं, तसं.

कोबाल्ट हा लोखंडाच्या गोतावळ्यातला धातू, चुंबकाकडे ओढला जाणारा. पण त्याच्या अंगात ऑक्सिजन मुरला की तो ही ओढ विसरतो. आमच्या प्रोजेक्टात करायचं होतं ते सांगायला सोपं आहे. ऑक्सिजन मुरलेला हा थर एका द्रवात बुडवायचा, त्याला व्होल्टेज लावायचं आणि वाट बघायची. व्होल्टेज लावलं की ऑक्सिजनचे आयन आपापल्या जागा सोडून उठतात आणि हळूहळू द्रवात उतरतात. मागे नुसता कोबाल्ट राहतो, आणि त्याला ओढ आठवते. व्होल्टेज उलटं केलं की आयन परत येतात, ओढ पुसली जाते. तारेची वेटोळी नकोत, तापणारा प्रवाह नको. सर म्हणायचे, उद्याचा कॉम्प्युटर आपली माहिती अशी जपेल, स्वतः न तापता.

"म्हणजे भाडेकरू बाहेर काढायचे, मग परत बोलवायचे," नसीमा म्हणाली होती.

"तसंच काहीसं," सर म्हणाले.

"डिपॉझिट परत द्यायचं का सर?"

प्रयोगशाळेत असं बोलायची हिंमत फक्त तिचीच. नसीमा माझी प्रोजेक्टमधली जोडीदार. विजापूर वेशीकडे राहायची, वडील टेम्पो चालवायचे. बीकर धुताना गायची, यंत्रांना नावं ठेवायची, आणि मी उत्तर देत नाही याची तिला कधी अडचण वाटली नाही. "तू ऐक, मी बोलते, काम वाटून घेतलंय," म्हणायची. द्रव करायचं काम तिचं. त्यात पाण्याचा थेंबही राहून चालत नसे, आणि ते पाणी काढून टाकणं फार किचकट होतं. तिचे हात त्या कामात शांत व्हायचे. तोंड तेवढं चालू राहायचं.

व्होल्टेज लावल्यावर बघण्यासारखं काही घडत नाही. काचेच्या भांड्यात एक तुकडा बुडालेला, शेजारी एक तार, आणि मीटरवरच्या एका आकड्याची हळूच होणारी घसरण. पण मी तासन्‌तास बघत बसायचे. वाटायचं, आत आता एखादा आयन उठला असेल, त्याने आधी शेजारची रिकामी जागा पाहिली असेल, मग तिथे सरकला असेल. त्याची जागा मागच्याने घेतली असेल. कुणाला घाई नाही, आवाज नाही. दुपारचा पंखा फिरतोय, आणि नखाएवढ्या काचेवर एक अख्खा गाव उठून चाललाय. असं काही मनात आलं की मी वहीत नुसती वेळ लिहायचे.

माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'टेक्स्टाइल' लिहायचे. ते खोटं नव्हतं. पप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूत रंगवायच्या कारखान्यात मास्तर आहेत. चादरींना आणि टॉवेलांना लागणाऱ्या सुताच्या लडी त्यांच्या हाताखालून जातात. त्यांची नखं कधी हिरवी असतात, कधी तपकिरी. पालकसभेला ते यायचे तेव्हा दोन्ही हात पँटच्या खिशात घालून बसायचे. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, एवढं मला नक्की आठवतं. पण मी 'हात बाहेर काढा' असंही कधी म्हटलं नाही.

सुट्टीत मात्र मी त्यांच्याबरोबर कारखान्यात जायचे. तिथल्या वाफेत डोळे चुरचुरायचे. पिवळ्या रंगाचं पीप मला सगळ्यांत आवडायचं, कारण त्यात पिवळं काहीच नसे. लड बुडायची ती निळ्याजांभळ्या पाण्यात आणि वर यायची तीही निळीच. मग पप्पा ती पिळून बांबूवर टाकायचे, आणि वाऱ्यात ती कडेपासून पिवळी होत जायची. कुणीतरी तिच्यावर सावकाश ऊन ओततंय असं वाटायचं. मी लड उचलायला धावले की पप्पा म्हणायचे, "घाई करू नगं. हवा लागू दे. रंग हवेतच पिकतो."

मी तो थर घेऊन खिडकीशी उभी होते, त्या दिवशी नसीमा मामेभावाच्या साखरपुड्यासाठी दुपारीच गेली होती. व्होल्टेजची वेळ संपली, मी फिल्म, म्हणजे तो काचेवरचा थर, द्रवातून बाहेर काढली. ती राखाडी झाली होती, पेन्सिलीच्या शिशासारखी. सरांनी भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं: धुणे, वाळवणे, पाकीट बंद करणे. वाळवायचं ते सिलिंडरमधल्या नायट्रोजनच्या झोताखाली, हे मी पाहिलेलं होतं. सिलिंडरची चावी प्रयोगशाळेतल्या काकांकडे असायची, आणि काका व्हरांड्यात डबा खात होते. मी दारापर्यंत दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्यांनी घास हातात धरून विचारलं, "काय पायजे का ताई?"

"काही नाही," मी म्हणाले.

जेवणाऱ्या माणसाला उठवणं मला जमलं नाही. गॅसचा उपयोग फक्त वाऱ्यापुरता आहे असं मी मनाशी ठरवून टाकलं. वारा तर खिडकीत होताच, आणि तोही फाल्गुनातला, सोलापूरचा. मी फिल्म चिमट्याने खिडकीच्या तारेला लावली आणि तासभर वही लिहीत बसले. मधून मधून बघत होते. राखाडी रंगावर हळूहळू तपकिरी छटा चढत होती, बशीत वाळलेल्या चहासारखी. ती बघून मला समाधान वाटलं. कारखान्यात रंग असा आला की पप्पा मान डोलावतात. मग मी ती पाकिटात भरली आणि पाकीट बंद केलं. चुंबकत्व मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत होतं, आणि तिथे आमच्या वाट्याला दोनच पाळ्या आल्या होत्या.

पहिल्या पाळीचा रिपोर्ट आठवड्याने आला. आलेखावर एक सरळ रेघ होती.

"सपाट," सर म्हणाले. "काहीच नाही. ऑक्सिजन बाहेर गेलाच नाही असं दिसतंय. द्रवात पाणी राहिलं असणार. कुणी केला होता?"

वहीत नसीमाची सही होती.

"सर, मी दोनदा वाळवला होता तो."

"दोनदा वाळवला असता तर ही रेघ आली नसती." सर चिडलेले नव्हते, दमलेले होते. माझ्याकडे बोट करून ते नसीमाला म्हणाले, "आता एकच पाळी उरलीय. या वेळी द्रव स्नेहल करेल. तू लिखाणाचं बघ. आणि त्या पत्राचं आपण नंतर बोलू."

ते पत्र म्हणजे नसीमासाठीची शिफारस. तिला त्याच संस्थेत पुढे संशोधनाला जायचं होतं. घरच्यांची परवानगी तिने वर्षभर एकेक करून मिळवली होती, आधी अम्मीची, मग अब्बांची, शेवटी मोठ्या भावाची. त्या दुपारी तिने सगळे बीकर धुतले आणि ती गायली नाही. पाण्याचा आवाज एवढा मोठा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

तोपर्यंत मला खरंच काही माहीत नव्हतं. हे मी आजही स्वतःला बजावते.

रविवारी पप्पांचा डबा घेऊन मी कारखान्यात गेले. पिवळा रंग चालू होता. त्यांनी निळी लड बांबूवर टाकली, आणि ती कडेपासून पिवळी व्हायला लागली.

"हा आधी निळा का असतो पप्पा?"

"ल्हानपणापासनं इचारतीस की." पप्पा डबा उघडत म्हणाले. "पिपातलं औषध त्याच्या अंगातली हवा काढून घेतंय. भाएर काढला की पुन्ना हवा पितोय त्यो. मग आपल्या रंगावर येतोय."

"आणि हवा लागूच दिली नाही तर?"

"मग ऱ्हायील निळाच. पर निळा कुणाला पायजे? गिऱ्हाइकानं पिवळा मागितलाय."

आम्हाला निळाच हवा होता. मी तिथे लोखंडी स्टुलावर बसले होते, समोर वाऱ्यावर लडी डोलत होत्या, आणि मला ती बशीतल्या चहासारखी छटा दिसत होती. नसीमाच्या द्रवाने ऑक्सिजन नीट बाहेर काढला होता. मी तो खिडकीतून परत आत बोलावला होता. तासभर, मोठ्या प्रेमाने.

"जेव की," पप्पा म्हणाले. "का बघत बसलीस?"

यानंतरचे तीन दिवस मला स्वप्नातल्यासारखे आठवतात. पायाखाली जमीन आहे, पण जरा खाली आहे. सोमवारी मी द्रव करायला घेतला. मला तो जमणार होता, कारण नसीमा शेजारी उभी राहून शिकवत होती. "हे हळू ओत. बाटलीचं तोंड आधी पूस. नक्को, असं नाही, दे इकडे. नाहीतर तुझ्या नावानेपण बोंब होईल." तिला जमलं नाही असं सरांना वाटणारं काम ती मला नीट समजावून देत होती. आणि मी मान हलवत होते.

मला दिसत होतं पुढे काय होणार ते. या वेळी मी काकांकडून चावी मागून घेईन, फिल्मला हवा लागू देणार नाही. आलेख नीट येईल. सगळे म्हणतील, बघा, द्रव बदलला आणि जमलं. मला एक शब्दही खोटं बोलावं लागणार नव्हतं. गप्प राहिलं की पुरे होतं, आणि गप्प राहणं मला लहानपणापासून येत होतं. लोक त्याला माझा चांगला स्वभाव म्हणायचे.

बुधवारी दुपारी आम्ही विभागाच्या पायऱ्यांवर डबा खात होतो. आईने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली होती. नसीमा भाकरीचा तुकडा मोडून चटणीत बुडवत होती.

"तुझा द्रव चांगला होता," मी म्हणाले.

"हौ, माहितीये. सरांना सांग जाऊन."

"नाही, खरंच. त्यात पाणी नव्हतं. मी फिल्म खिडकीत वाळवली. तासभर."

ती हसली. "खिडकीत? पापड होता का तो?" मग तिचं हसणं थांबलं. ती हुशार होती, तिला पुढचं सगळं सांगावं लागलं नाही. "कधी कळलं तुला?"

"रविवारी."

"आज बुधवार आहे."

मी डब्याचं झाकण हातात फिरवत बसले.

"तीन दिवस झाले, अम्मीला सांगतेय, माझ्याच हातानं काहीतरी चुकलं असेल. ती म्हणते, नको जाऊ मग एवढ्या लांब, तुला जमत नाही तर. आणि तू माझ्याकडून द्रव शिकत होतीस." तिने हातातला तुकडा परत माझ्या डब्यात ठेवला, हात झटकले आणि उठून गेली. पायरीवर भाकरीचा थोडा चुरा राहिला. मुंग्या येईपर्यंत मी तिथेच बसले होते.

सरांच्या केबिनमध्ये जाताना मी एक इंग्रजी वाक्य तयार केलं होतं. अवघड जागी मी इंग्रजीत बोलते, तिथे मला लपायला बरं पडतं. 'देअर वॉज अ प्रोसीजरल एरर, सर.' त्या वाक्यात चूक होती, मी कुठेच नव्हते.

सरांनी चष्मा काढला. "कुणाची?"

"माझी, सर." आणि मग बाकीचं सगळं मराठीत बाहेर आलं. खिडकी, काका, घास, तपकिरी छटा.

"थांब. छटा बदललेली तुला दिसली? डोळ्यांनी?"

"हो."

"आम्हाला नाही दिसत एवढ्या पातळ थरावर. कसं कळलं?"

"पप्पा सुताला रंग देतात. एमआयडीसीत." हे मी कुणापुढे पहिल्यांदाच म्हणत होते. सरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ते कागदावर काहीतरी लिहीत होते.

"मग दाखवून दे," ते म्हणाले. "नसीमाची जुनी बाटली आहे ना शिल्लक? त्यातूनच दोन फिल्म कर. एक हवेत ठेव, एक नको. दोन्ही पाठव. आणि हे मला रविवारी सांगायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच असेन असं धरून चालले होते. काकांना हाक मारली तेव्हा माझा आवाज चिरकला. ते चावी घेऊन लगेच आले. जेवतच होते त्या दिवशीही. मी भांड्यात पहिली फिल्म सोडली, आणि मागून एक हात आला, त्याने टेबलावरचं घड्याळ उचललं. नसीमा होती. आम्ही दोघी त्या आकड्याची घसरण बघत राहिलो. तिने वेळ सांगायची, मी लिहायची. नेहमी ती बोलायची आणि मी गप्प असायचे, पण आम्ही दोघी गप्प अशी ती पहिलीच दुपार होती. आत आयन निघाले असतील. एकेक करत, जागा सोडत. पहिली फिल्म मी तासभर खिडकीत लावली. दुसरी पाकिटात जाताना तिने पाकिटाचं तोंड धरून ठेवलं, आणि मी नायट्रोजनच्या झोतातून ती आत सरकवली. ती राखाडीच राहिली.

आलेख आले तेव्हा एकावर पुन्हा तीच सरळ रेघ होती. दुसऱ्यावर एक बारीक बंद वळण होतं, दोन्ही टोकांना निमुळतं, झोपलेल्या माशासारखं. चुंबकत्व असं दिसतं. सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि त्याच दुपारी नसीमाचं पत्र लिहिलं.

नसीमा आता त्या संस्थेत आहे. याच फिल्मांवर काम करते, फक्त तिच्याकडे यंत्रं मोठी आहेत. मी इथेच एका ज्युनियर कॉलेजात शिकवते, मुलींकडून प्रॅक्टिकल करून घेते. महिन्यातून एकदा तिचा फोन येतो. परवा ती सांगत होती की उलटं व्होल्टेज लावलं की ऑक्सिजन परत येतो खरा, पण नेमका आपल्या जुन्या जागी बसेलच असं नाही. दर फेरीला थर आतून थोडा वेगळा होतो. बाहेरून आलेख तोच दिसतो. ती हे कामाचं म्हणून सांगत होती. मी ऐकत होते. पूर्वी ती मला भावाशी झालेलं भांडणही सांगायची. आता घरचं सगळं बरं आहे, म्हणते.

पप्पांना मी ती गोष्ट परीक्षा संपल्यावर सांगितली. मला वाटलं होतं ते हसतील. ते नखांकडे बघत म्हणाले, "म्हंजी माज्या सवयीनं तुजं नुसकान झालं की."

"नाही पप्पा. रंग बदललेला फक्त मला दिसला."

"फक्त तुला?"

"सरांनापण नाही."

मग ते हसले, पण फार नाही. बाहेर वारा होता. दोरीवर त्यांचा कामाचा शर्ट वाळत होता, त्यावर तऱ्हेतऱ्हेचे डाग.

प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहिला तो दिवस मात्र मला सगळ्यांत स्पष्ट आठवतो. खिडक्या लावलेल्या होत्या, तरी कागद वाऱ्याने हलत होते. टाइप नसीमा करत होती. सरांनी मी हाताने लिहिलेली कच्ची प्रत वाचली आणि एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. "असं लिहीत नाहीत. 'काही कारणाने थराचा हवेशी संपर्क आला,' एवढं पुरे. नावं कशाला?"

"राहू दे सर," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, पेन्सील खिशात ठेवली आणि ते तासाला गेले. नसीमाची बोटं कीबोर्डवर थांबली होती. ती पडद्याकडेच बघत होती.

"वाक्य सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. पहिली फिल्म स्नेहलने मोकळ्या हवेत वाळवली, द्रवात दोष नव्हता. राखाडी रंग हवेत तपकिरी होतो, हे तिने डोळ्यांनी पाहिलं.

"पूर्ण नाव घालू?"

"घाल."

"मधलंपण?"

"मधलंपण."

पप्पांच्या नावाचं स्पेलिंग तिला माहीत नव्हतं. दोन वर्षं एका टेबलावर काम करून मी ते तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, त्या बुधवारनंतर पहिल्यांदाच, आणि विचारलं. मी एकेक अक्षर सांगत गेले, आणि ती टाइप करत गेली.